खिडकीची शिंगं

"शिंगं आहेत!" जाइल्स ओरडला. पुदिन्याच्या सॉसचा चमचा त्याने तसाच हवेत धरला होता. "बघा, बघा. याच्या नकाशात चक्क शिंगं आहेत. सापडला की नाही बेटा?"

टेबलावर भाजलेल्या कोकराच्या तंगडीचं हाड, उरलेले बटाटे, सॉसची भांडी आणि या सगळ्याच्या मधोमध शेजारच्या घराच्या खिडक्या पसरल्या होत्या. म्हणजे त्यांचे नकाशे. शेजारी ग्लिन प्रॉसरने खिडक्या बदलायच्या परवानगीसाठी कौन्सिलकडे अर्ज केला होता आणि अर्जासोबतचे कागद कौन्सिलच्या साइटवर कुणालाही बघता येतात. जाइल्सने ते गिल्डफर्डहून येतानाच मोठे करून छापून आणले होते. आईला फुलं आणायला तो विसरला होता. आई जेवून वर गेली होती.

"शिंगं म्हणजे काय गं?" त्याची बायको कॅरोलाइन नणंदेच्या, ब्रिजेटच्या कानाशी लागली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी या घरातले असले प्रश्न ती नवऱ्याला विचारत नसे.

ब्रिजेट बशा एकावर एक रचत होती. तिने नुसतं समोरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. वर-खाली सरकणाऱ्या खिडकीच्या वरच्या चौकटीला खालच्या दोन्ही कोपऱ्यांत लाकडाची बोटभर टोकं सोडलेली असतात, ती शिंगं. पुढे मोठाल्या, जड काचा आल्या तेव्हा चौकटीला जोर यावा म्हणून सुतार ती ठेवायला लागले. सेंट ऑल्डम रो या त्यांच्या गल्लीतली घरं त्याच्या कितीतरी आधीची, त्यामुळे इथल्या खिडक्या बोडक्या. असल्या खिडकीला शिंगं लावणं म्हणजे महापाप, असं ब्रिजेटला वयाच्या आठव्या वर्षी माहीत होतं. तिच्या वर्गातल्या मुलींना तेव्हा सायकल चालवता येत होती.

काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दमा असतो, टॅरंटांच्या घरात हरकत होती. बाथ शहरातली जुनी घरं पाडून काँक्रीटचे ठोकळे उभे करायचे दिवस होते, तेव्हा रोलंड टॅरंट, म्हणजे जाइल्स, ब्रिजेट आणि ह्यू या तिघा भावंडांचे वडील, थर्मास आणि घडीची खुर्ची घेऊन बुलडोझरपुढे जाऊन बसले होते. गल्ली वाचली, हे खरंच. तिथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण एकदा विजयाची चव लागली आणि मग दंतवैद्याच्या पितळी पाटीवर हरकत, चार नंबरच्या पिवळ्या दारावर हरकत, कुणाच्या तरी डिश अँटेनावर हरकत, असं चालूच राहिलं. रोलंड गेले, हरकत मागे राहिली.

"आजची शेवटची तारीख आहे," जाइल्स म्हणाला. निवृत्त झाला तरी वकील तो वकीलच. "मसुदा तयार आहे. शिंगांचा मुद्दा वर घालतो. ऐका. 'शेजारी या नात्याने प्रॉसर दांपत्याबद्दल आम्हाला अत्यंत आदर आहे. तथापि...'"

"'तथापि' आलं का लगेच?" ह्यू हसला. तो धाकटा. ब्रिस्टलमध्ये मुलांना चेलो शिकवायचा आणि कुठल्याही भांडणात शेवटी बोललेल्या माणसाच्या बाजूने असायचा.

"तू गप्प बस. हे वाक्य घालावंच लागतं."

घालावंच लागतं, हे ब्रिजेटलाही ठाऊक होतं. या गल्लीत कुणी कुणाच्या तोंडावर काही बोलत नाही. लेखी हरकत घ्यायची, ती साइटवर नावपत्त्यासकट सगळ्या गावाला दिसते, ज्याच्याविरुद्ध घेतली तोही वाचतो, आणि दुसऱ्या दिवशी दोघं कचऱ्याचे डबे बाहेर काढताना हवेबद्दल बोलतात. केसाने गळा कापायचा, पण केस स्वच्छ धुतलेला हवा.

"त्याच्या खिडक्या सगळ्या लाकडीच आहेत ना?" कॅरोलाइनने विचारलं. "मला वाटलं प्लास्टिकच्या लावतोय."

"लाकडी आहेत, पण काचा दुहेरी. दुहेरी काच म्हटली की मधल्या पट्ट्या जाड होतात."

"किती?"

जाइल्सने अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं. मधून पुदिन्याचं पान गेलं असतं, बटाटा नक्कीच नाही.

"एवढंच?"

"एवढंच काय? आज एवढं, उद्या तेवढं. शिवाय जुनी काच बघ कशी आहे. हातांनी ओढलेली. पलीकडचं झाड पाण्यात असल्यासारखं हलतं. दुहेरी काचेत काय दिसतं? आपलंच तोंड, दोनदा."

"दोनदा तुझं तोंड," ह्यू म्हणाला. "मग हरकत घ्यायलाच हवी."

सगळे हसले. ब्रिजेटही हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. मार्च संपत आला होता तरी खोलीत स्वेटर काढायची सोय नव्हती. जाइल्सच्या त्या कौतुकाच्या काचेतून वारा सरळ आत यायचा, पडदा हलायचा. बारा वर्षांपूर्वी वडिलांना झटका आला तेव्हा ती दोन आठवड्यांसाठी म्हणून या घरात परत आली होती. तेव्हापासून ऑक्टोबर ते मे तिच्या पायांची बोटं गरम झालेली तिला आठवत नव्हती. झाडं पाण्यात असल्यासारखी हलतात, हे बघायला वेळही मिळत नव्हता.

"आपल्या मागच्या खिडक्यांना पण शिंगं आहेत, जाइल्स," ती म्हणाली.

"काय?"

"न्हाणीघराची आणि मम्मीच्या खोलीची. दोन्हींना आहेत. डॅडींनीच बसवून घेतल्या होत्या. जुन्या कुजल्या होत्या म्हणून."

ह्यू आनंदाने खुर्चीत सावरून बसला.

"त्या मागच्या बाजूला आहेत," जाइल्स म्हणाला. "मागे कोण बघतंय?"

"बरोबर. आपला तो बाळ्या," ह्यू म्हणाला.

"तू कुणाच्या बाजूने आहेस रे?"

"अजून ठरलं नाही. पुडिंग काय आहे?"

सफरचंदाचं क्रंबल ओव्हनमध्ये होतं. ब्रिजेट ते बघायला उठली तेव्हा जाइल्सने मुख्य मुद्दा काढला. तो येणार हे तिला सकाळपासून माहीत होतं, म्हणून तर तिने बटाटे नको तितके सोलले होते.

"नाव तुझं आणि मम्मीचं लागेल, ब्रिज. आम्ही इथे राहत नाही, आमच्या नावाला वजन नाही. लगतच्या घरातल्या एका रहिवाशाची हरकत आली तरी प्रकरण समितीपुढे जातं, दोन असल्या तर उत्तमच. समितीपुढे गेलं की निदान शरद ऋतूपर्यंत निश्चिंत."

"मला विचार करू दे."

"विचार कसला? मी लिहितोय, तू फक्त हो म्हण."

ब्रिजेटला सांगायचं होतं ते एवढंच होतं. गेल्या पानगळीपासून मम्मी वारंवार पडायला लागली आहे. ती एकटीने उचलली जात नाही. दर वेळी ग्लिन येतो. कधी जेवण अर्धं टाकून, कधी पायात घरातल्या चपला. हे पत्र गेलं तर मी कुठल्या तोंडाने त्याला हाक मारू? पण हे बोलायचं म्हणजे मम्मी किती पडते ते सांगायचं, आणि ते सांगितलं की वृद्धाश्रमाची माहितीपत्रकं निघणार. मागच्या वेळी ती निघाली तेव्हा मम्मी तीन दिवस कुणाशी बोलली नव्हती. म्हणून ती ओव्हनचं दार उघडून उगाच वाकून बघत राहिली.

"तुझं आपलं नेहमीचं," जाइल्स मागून म्हणाला. "ना हो, ना नाही."

"नेस्टाला श्वासाचा त्रास आहे," ब्रिजेट म्हणाली. नेस्टा म्हणजे ग्लिनची बायको. "त्यांची झोपायची खोली उत्तरेला आहे. भिंतीला बुरशी येते. हौसेखातर नाही बदलत ते खिडक्या."

"मग खोली बदलायची. घर काय एका खोलीचं आहे?"

"आतून प्लास्टिकचा पातळ पडदा लावता येतो ना?" कॅरोलाइन म्हणाली. "आमच्या शेजारणीने लावलाय."

"लावलाय त्यांनी. फडफडतो."

"हे बघ, मला वाईट वाटतं," जाइल्स म्हणाला, आणि त्याला वाटतही असावं. "पण माणसं येतात-जातात, ब्रिज. घरं राहतात."

ह्यू म्हणाला, "हे बाकी खरं." म्हणजे आता तो त्या बाजूला गेला होता.

त्यानंतर आवाज चढले. पट्टीची जाडी, कौन्सिलचे नियम, डॅडी असते तर काय म्हणाले असते, डॅडी नसताना त्यांच्या नावाने कोण किती बोलतं, आणि कुणी कुणाला वाढदिवसाला फोन केला नाही, इथपर्यंत गाडी गेली. एवढ्यात पुढच्या दारात किल्ली फिरल्याचा आवाज झाला.

किल्ली असलेली माणसं तर सगळी टेबलाभोवती बसली होती. जाइल्सने मान वळवली.

दारात ग्लिन प्रॉसर उभा होता. उंच, थोडा पोक काढलेला, भूगोलाचा निवृत्त मास्तर. एका हाताला पीठ लागलेलं होतं.

"बटण दाबलं त्यांनी," तो धापा टाकत म्हणाला. "वरच आहेत ना? तुम्ही सगळे घरात आहात हे मला..." आणि त्याची नजर टेबलावर गेली.

टेबलावर त्याच्या झोपायच्या खोलीची खिडकी होती. शिंगांभोवती जाइल्सने लाल पेन्सिलीने दोन वर्तुळं काढली होती.

ग्लिनने ती पाहिली. मग तो ब्रिजेटकडे वळला. "चल."

दोघं जिना चढले. मागून बाकीची वरात. मम्मी, म्हणजे ऑड्री टॅरंट, पलंग आणि कपाटाच्या मधे जमिनीवर बसली होती. अंगावर मोत्याची माळ आणि मदत बोलवायचं तांबड्या बटणाचं लॉकेट, दोन्ही ठीकठाक. मटण खाऊन ती जरा आडवी व्हायला वर आली होती आणि गालिच्यात पाय अडकला होता.

"हाका मारून मारून घसा बसला माझा," ती म्हणाली. "खाली तुमचा बाजार. कसल्याशा शिंगांवरून ओरडत होतात. शेवटी बटण दाबलं. कंपनीच्या त्या बाईने विचारलं, घरात कुणी आहे का? मी म्हटलं, सगळे आहेत, पण उपयोगाचं कुणी नाही, ग्लिनला बोलवा."

"दुखतंय कुठे?" ग्लिनने विचारलं.

"अभिमान दुखतोय."

"तो नेहमीचाच. खुर्ची आण, ब्रिजेट."

जाइल्स पुढे झाला. "मी उचलतो. बाजूला व्हा."

"तू नको," मम्मी म्हणाली. "तू सूटकेस उचलल्यासारखा उचलशील. यांचं दोघांचं बसलंय."

बसलेलं होतंच. ब्रिजेटने खुर्ची मम्मीच्या समोर ठेवली, ग्लिनने तिला गुडघ्यांवर वळवलं, मम्मीने खुर्चीवर हात टेकले. तो 'आता' म्हणाला, ब्रिजेट 'चला' म्हणाली, आणि मम्मी उभी राहिली. एक शब्द जास्तीचा झाला नाही. दाराशी उभ्या तिघांच्या लक्षात आलं असावं की हे पहिल्यांदा घडत नाहीये, कारण कुणीच 'वा' म्हणालं नाही.

"त्या बटणाच्या कंपनीच्या यादीत त्याचं नाव पहिलं आहे?" जाइल्स जिन्यात ब्रिजेटला हळूच म्हणाला. "आणि आमचं?"

"तुझं चौथं. तू गिल्डफर्डला असतोस."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"विचारलंस कधी?"

खाली आल्यावर मम्मीला शेकोटीजवळच्या खुर्चीत बसवलं, पायावर शाल टाकली. ग्लिन जायला निघाला. इथे कॅरोलाइनने जे केलं ते या गल्लीतच कुणी करू जाणे. तिने घाईघाईने वाटीत गरम क्रंबल वाढलं, वर कस्टर्ड ओतलं, आणि ती वाटी नेमकी लाल वर्तुळांवर ठेवली. थोडं कस्टर्ड कागदावर सांडलं.

"घ्या ना," ती म्हणाली. "इतके धावत आलात."

नको म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं. ग्लिनने चमचा घेतला. बसायला जागा नव्हती, म्हणजे होती, पण कुणी सरकलं नाही. तो टेबलाशी उभ्यानेच खायला लागला. ह्यू छताकडे बघत होता. जाइल्सने पेन्सिल खिशात घातली.

"सफरचंदं घरची?" ग्लिनने विचारलं.

"हो, मागच्या झाडाची," ब्रिजेट म्हणाली.

"छान झालंय."

"यंदा गारठा फार लांबला, नाही?" कॅरोलाइन म्हणाली आणि तिने लगेच जीभ चावली.

"लांबला खरा," ग्लिन म्हणाला. त्याने वाटी पुसून खाल्ली. पण ती उचलून मोरीत न्यायच्या फंदात तो पडला नाही. जिथे होती तिथेच ठेवली, सगळ्यांचा निरोप घेतला आणि गेला. ब्रिजेटला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. त्याने आरडाओरडा केला असता तरी ती वाचली असती.

"त्याने पाहिलं का?" जाइल्सने विचारलं.

"नाही, आंधळाच आहे तो," ह्यू म्हणाला. "मी सांगतो जाइल्स, सोडून दे हे. मला ते क्रंबल आता जन्मात खाववणार नाही."

"मलाही वाटतं," कॅरोलाइन म्हणाली. "या वर्षी राहू दे."

जाइल्स खुर्चीत बसला. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला होता. तोही सदुसष्टचा, हे ब्रिजेट मधून मधून विसरत असे. "राहू दे म्हणता?" तो म्हणाला. "ठीक आहे. मला तरी कुठे हौस आहे? दोन तास गाडी चालवून येतो, तर इथे मीच व्हिलन."

ब्रिजेटच्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं होतं. तेवढ्यात शेकोटीकडून आवाज आला.

"पत्र पाठवलं का?"

"मम्मी, आम्ही म्हणत होतो..."

"मी विचारलं, पाठवलं का?"

"आत्ताच त्या माणसाने तुला उचललं, मम्मी," ब्रिजेट म्हणाली.

"मग? उचललं म्हणून काय त्याला घराचं तोंड बदलू द्यायचं? माणूस वेगळा, खिडकी वेगळी. तुमच्या वडिलांनी हे नीट ओळखलं होतं. प्रभू येशू स्वतः रंधा घेऊन आला असता, तो तर सुतारच, तरी रोलंडने विचारलं असतं, शिंगं किती?" आणि ती खुदकन हसली. मग हसू ओसरलं. "मी गेल्यावर काय हवं ते करा. मी आहे तोवर या गल्लीला हात लावायचा नाही. माझं नाव घाल, जाइल्स."

"ग्लिनला वाईट वाटेल," ह्यू म्हणाला.

"ग्लिन समजून घेईल. फार चांगला माणूस आहे."

"चांगला आहे म्हणून तर..." ब्रिजेट म्हणाली. खरं तर ती रागावलेली नव्हती. रागवायला अंगात बळ लागतं. तिला फक्त इतकं दमल्यासारखं झालं होतं की जिथे उभी आहे तिथेच, चुलीच्या बाजूला, खाली बसून राहावं.

जाइल्सने लॅपटॉप उघडला. आईने सांगितलं म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर तरतरी आली होती. बोटं चालली. "ऑड्री टॅरंट," तो म्हणाला. "झालं. आता तुझं, ब्रिज?"

"माझं नको."

"काय?"

"माझं नाव घालायचं नाही. मी शेजारी जाऊन येते. त्यांना सांगते."

"सांगते? काय सांगतेस?" कॅरोलाइन खरोखरच दचकली. "तोंडावर?"

"हो. तोंडावर."

"अगं, असं कुणी करत नाही," मम्मी म्हणाली.

ब्रिजेटने कोट खुंटीवरून काढला आणि बाहेर पडली.

नेस्टाने दार उघडलं. अंगावर दोन कार्डिगन, गळ्याभोवती मफलर. तिने ब्रिजेटला सरळ स्वयंपाकघरात नेलं, कारण घरात तेवढीच खोली उबदार होती. ओट्यावर अर्धी मळलेली कणीक तशीच राहिली होती. ग्लिन पुन्हा त्या कणकेला भिडला होता.

"आम्ही हरकत घेतली," ब्रिजेट म्हणाली. बसायच्या आधीच म्हणाली, नाहीतर चहा आला असता आणि ते राहिलं असतं. "मम्मीच्या नावाने. माझं नाव नाहीये. पण मी थांबवूही शकले नाही."

ग्लिन पिठाकडे बघत होता. "वाटीखाली माझीच खिडकी होती, ब्रिजेट," तो म्हणाला. "कस्टर्ड सांडलं तेव्हा मला तिचंच वाईट वाटलं."

नेस्टा हसायला लागली आणि हसता हसता तिला खोकला आला. तो खोकला लवकर थांबला नाही. ग्लिनने हात पुसले, तिच्या पाठीवर हात ठेवून तो उभा राहिला. ब्रिजेटने तो खोकला भिंतीपलीकडून कित्येकदा ऐकला होता. इतक्या जवळून पहिल्यांदाच ऐकत होती. भिंत मधे असली की खोकला खूप छोटा वाटतो.

"तुला सांगायचंच होतं," खोकला थांबल्यावर नेस्टा म्हणाली. "आम्ही जातोय, तिकडे वेल्सला. कार्मार्थनला. माझ्या बहिणीच्या घरामागे एक बैठं घर रिकामं आहे. कुरूप आहे अगदी, पण उबदार आहे."

"कधी ठरलं?"

नेस्टाने नवऱ्याकडे पाहिलं.

"डॉक्टर म्हणाले होते, असा आणखी एक हिवाळा नको," ग्लिन म्हणाला. "आम्ही म्हटलं, खिडक्या झाल्या तर राहू. इथे तीस वर्षं गेली, कुणाला जायचंय? उन्हाळ्यात काम उरकलं असतं. आता हे समितीपुढे जाणार. शरद ऋतू उजाडेल. मग कदाचित हो म्हणतील, कदाचित शिंगं काढा म्हणतील." त्याने कणीक झाकून ठेवली. "खरं सांगू? ते क्रंबल खाता खाता ठरलं माझं. आत्ताच येऊन हिला सांगितलं."

"तुम्ही रागावला असाल."

"नाही गं. राग आला असता तर भांडलो असतो. कंटाळलो आता."

ब्रिजेटला रडू आलं. ती रडली. या गल्लीत तेही कुणी करत नाही. नेस्टाने तिच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला आणि बाजूला बसून राहिली. कुणी कुणाची समजूत काढली नाही. कप संपेपर्यंत ब्रिजेटच्या पायांची बोटं गरम झाली होती, हे उठतानाच तिच्या लक्षात आलं.

ती परतली तेव्हा कॅरोलाइनने भांडी घासून ठेवली होती. नकाशांची गुंडाळी करून रबर लावलेलं होतं. ह्यू गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता, पण निघाला नव्हता.

"काय म्हणाला?" जाइल्सने विचारलं. "चिडला का फार?"

"नाही. ते घर सोडतायत. कार्मार्थनला जातायत."

"म्हणजे अर्ज मागे घेणार?"

"अर्जाचं आता काय करायचंय त्यांना?"

जाइल्सने श्वास सोडला. "म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला म्हण की."

ब्रिजेटने त्याच्याकडे बघितलं. तो काही वाईट हेतूने बोलला नव्हता. म्हण तोंडात आली आणि बोलला. तिच्या कानात मात्र अजून नेस्टाचा खोकला होता.

"बघा," शेकोटीजवळून मम्मी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "रोलंडला किती आनंद झाला असता. पत्र जाऊन तास नाही झाला." तिने शाल सारखी केली. थोडा वेळ तिने शेकोटीकडे पाहिलं. मग तिच्या कपाळावर एक आठी आली आणि ती गेली नाही.

"पण मग मी पडले की कोण येणार?" तिने विचारलं.

ह्यूने किल्लीकडे पाहिलं, कॅरोलाइनने घासलेली वाटी पुन्हा पुसायला घेतली. मग तिघांनी मिळून ब्रिजेटकडे पाहिलं. असं कितीतरी वर्षं चालत आलं होतं. घरात अशी शांतता पडली की 'मी आहे ना' म्हणायचं काम तिचं. शब्द तिच्या जिभेवर आलेसुद्धा, सवयीने.

तिने कोट काढला, खुर्ची ओढली आणि बसली. बोलली काहीच नाही.

मम्मी तिच्याकडे बघत राहिली. म्हातारी होती, पण मूर्ख नव्हती. मग तिने मान हळूहळू वळवली.

"जाइल्स," ती म्हणाली, "मी तुला विचारतेय."